अण्णांचा डावा खांदा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना सगळी माणसं डोकं पुढे करून येतात, मी पाय पुढे करून आले. माय अजूनही सांगते, "हिला पयल्यापासूनच घाई." पायाळू माणसाने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानतात. पाठीत, मानेत नाहीतर कुशीत एकाएकी कळ भरते आणि माणसाला ना वाकता येत ना वळता येत, ती उसण. माणसाने पाठ करून बसायचं आणि पायाळूने मागे उभं राहून डावा पाय तीनदा टेकवायचा. बोलायचं नाही, हसायचं नाही. हसायचं नाही हे मला कधीच जमलं नाही.

याच पायामुळे लहानपणी वीज चमकली की माय मला आत ओढून दार लावून घ्यायची, कारण पायाळूवर वीज पडते. विजेने अजून तरी माझ्याकडे दुर्लक्षच केलं आहे. मोठी होऊन मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले आणि मुलांना विज्ञान शिकवायला लागले. वीज का पडते, हृदय कसं चालतं, जठर कुठे असतं, हे सगळं फळ्यावर काढून दाखवते. शाळा सुटल्यावर घरी येते, तर ओट्यावर कुणीतरी कमरेला हात लावून बसलेलं असतं आणि मी चप्पल काढून पाय लावते. यात मला कधी विसंगती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटायची, पण भाव खायला कुणाला आवडत नाही?

हे सगळं अण्णांना चोरून चालायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. तेही शाळामास्तरच, आता निवृत्त, आणि भोकरदनला माझ्याकडे राहतात. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा नवस, अंगारे, उतारे सगळं एका दिवसात घराबाहेर गेलं, आणि ते पुन्हा उंबरा ओलांडून आत येऊ नये यावर अण्णांनी जन्मभर पहारा दिला. त्यांच्या लेखी माझा पाय हा त्याच यादीतला. पण त्यांच्या रागाचं कारण एवढंच नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सहा-सात वर्षांची असेन. तेव्हा आम्ही पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे आमच्या गावात राहत होतो. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या पाठीत उसण भरली आणि त्यांच्या घरून निरोप आला, पोरीला पाठवा. माय मला वेणीफणी करून घेऊन गेली. तो माणूस अंगणात पाटावर उघडा बसला होता. मी तीनदा पाय लावला. तो म्हणाला, "वा रे पोरी, गेली बघ!" त्याच्या बायकोने माझ्या ओंजळीत वरून शेंगा टाकल्या. आम्ही निघालो आणि फाटकातून मी वळून पाहिलं, तर ती बाई त्याच्या पाठीवर बादलीने पाणी ओतत होती आणि तो खसाखसा पाठ चोळत होता. मला वाटलं, हाही औषधाचाच भाग. घरी येऊन मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "अण्णा, मी पाय लावला की लोकांला आंघोळ करावी लागते!"

अण्णा जेवत होते. हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली आणि उठले. मायकडे पाहून एवढंच म्हणाले, "आजपासून हिचा पाय कुणाच्या पाठीला लागणार न्हाई." ओंजळीतल्या शेंगा त्यांनी बाहेर टाकल्या. मी भोकाड पसरलं. त्या वयात माझ्याकडे मोठेपणाची एवढी एकच गोष्ट होती आणि ती बापाने काढून घेतली, हा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. ती आंघोळ कशाची होती हे मला फार उशिरा कळलं. डीएडला असताना एक दिवस बसमध्ये उगाचच ते अंगण आठवलं आणि एकदम कळलं, तो आमचा विटाळ धुतला जात होता. मग मी अण्णांना काही बोलले नाही आणि तेही कधी बोलले नाहीत.

आता काळ बदलला आहे, हे मी नाकारत नाही. आमच्या शेजारच्या मावशी शेतकऱ्याच्या घरच्या, लेकरांच्या शिक्षणासाठी भोकरदनला येऊन राहिलेल्या. त्यांना महिन्यातून एकदा तरी उसण भरते. अण्णा शेताला गेले की त्या हळूच येतात, पाय लावून घेतात आणि मग आमच्याच स्वयंपाकघरात बसून चहा पितात, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरतात. अशा माणसाला पाय लावायला मला काहीच वाटत नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. कापूस फुटायला लागला होता. अण्णा सोमवारी सकाळी स्कूटरवर शेताकडे निघाले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने स्कूटर चालवू नये यावर आमच्या घरात रोज भांडण होतं आणि रोज तेच जिंकतात. रेणुकाईच्या देवळाच्या अलीकडे शेळी आडवी आली, यांनी ब्रेक दाबला, चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली आणि हँडलचं टोक डाव्या बाजूला बरगड्यांच्या खाली बसलं. पडल्यावर माणूस घरी येईल की नाही? यांनी गाडी उचलली, शेतात जाऊन कापूस बघितला आणि दुपारी आरामात परत आले. वरून मलाच विचारतात, "आरशाची काच कुठं मिळंल?" बनियन बदलताना मायने तो निळा वण पाहिला, म्हणून कळलं तरी.

त्या दिवशी आम्ही भोकरदनमधल्याच डॉक्टरांकडे गेलो. माय सारखी "छाती, छाती" म्हणत होती म्हणून त्यांनी हृदयाची पट्टीही काढली, ती बरोबर आली. एक्स-रेत खालच्या एका बरगडीला बारीक चीर दिसली. डॉक्टर म्हणाले, "बाकी मुका मार आहे. गोळ्या देतो, आराम करा. पण पोट दुखलं, चक्कर आली, घाम सुटला तर थांबू नका, लगेच या." आम्ही तिघेही तिथेच उभे होतो. घरी येईपर्यंत मायच्या लक्षात राहिलं हृदय चांगलं आहे, अण्णांच्या लक्षात राहिलं मुका मार आहे, आणि माझ्या लक्षात राहिल्या गोळ्यांच्या वेळा. शेवटचं वाक्य कुणाच्याच बरोबर घरी आलं नाही.

मंगळवार बरा गेला. श्वास घेताना बरगडी टोचायची, खोकला आला की अण्णा उशी पोटाशी धरायचे, एवढंच. बुधवारी डावा खांदा दुखायला लागला. खांद्यावर तर पडले नव्हते. खांद्यावर ओरखडासुद्धा नव्हता. गंमत म्हणजे दुपारी जरा आडवे झाले की खांद्यात कळ यायची आणि उठून बसले की कमी व्हायची. जेवायला बसले तर अर्ध्या भाकरीत म्हणाले, "पोट भरलं." डावीकडे वरच्या बाजूला पोटही दुखत होतं, पण ते त्यांनी मायला सांगितलं, मला नाही.

माझ्याकडे आणि मायकडे प्रत्येक दुखण्याचं उत्तर तयार होतं. छातीत दुखतंय, ती बरगडी. पोटात दुखतंय, ते गोळ्यांनी झालेलं पित्त. खांदा दुखतोय, ती उसण. तीन दुखणी आणि तीन कारणं. या तिन्हींचं कारण एकच असेल असं आमच्या डोक्यातही आलं नाही. मी तर विज्ञान शिकवणारी बाई!

संध्याकाळी मावशी विचारपूस करायला आल्या. अण्णा भिंतीला पाठ न टेकता, ताठ बसले होते. मावशी म्हणाल्या, "काय होऊन राह्यलं गुरुजी?"

"खांदा धरलाय."

"उसणच हाये बघा. अन् घरात पायाळू लेक असून तुम्ही असे बसले?" एवढं बोलून मावशींनी जीभ चावली, कारण अण्णांचा स्वभाव त्यांना माहीत होता. मीही आता भाषण ऐकायची तयारी केली.

अण्णांनी खांद्यावरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव बाई, पाय लाव."

मला आधी खरंच वाटलं नाही. "अण्णा, तुम्ही म्हणताय हे?"

"मंग काय लेखी देऊ? लाव."

माय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मावशींनी पाट मांडला. अण्णा पाठ करून बसले. त्यांचे खांदे इतके बारीक झाले आहेत हे मला उभं राहून वरून बघताना पहिल्यांदा दिसलं. मी सवयीने हसायला गेले आणि हसू आलंच नाही. बापाच्या अंगाला पाय लावायचा म्हणजे कसंतरीच वाटत होतं. मी आधी वाकून त्यांना नमस्कार केला आणि मग डावा पाय उचलून खांद्यावर अलगद टेकवला.

"दाबून लाव," अण्णा म्हणाले.

मी दाबून लावला. तीनदा. ते हलले नाहीत, ओरडले नाहीत, 'हं'सुद्धा केलं नाही.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. हलकं वाटून राह्यलं."

माझे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरेनात. ज्या माणसाने चाळीस वर्षं माझ्या पायाला घरात थारा दिला नाही, त्याने तो मागून घेतला आणि वर बरं वाटलं म्हणाला! मावशींनी जाताना माझी पाठ थोपटली. मी आनंदात होते, आणि आज ते आठवलं की माझाच मला राग येतो. विचारायचं होतं ते हे, की जन्मभर जे घराबाहेर ठेवलं ते मागायची पाळी या माणसावर आली, तर याला किती दुखत असेल? ते मी विचारलं नाही.

गुरुवारी मी शाळेत गेले. बरं वाटतंय म्हणाले होते ना. दुपारी मायचा फोन आला, "तुहे अण्णा आंघोळीला न्हाई म्हणून राह्यले. दोनदा पाणी काढलं, दोनदा परत गेलं." हे मात्र नवल होतं. अण्णा उजाडायच्या आत थंड पाण्याने आंघोळ करतात. थंडी असो, ताप असो, चुकवत नाहीत. मी म्हटलं, "असू दे माय, अंग ठणकत असेल. एक दिवस राहू दे." आणि मी सातवीच्या वर्गावर गेले. त्या दिवशी नेमकी पचनसंस्था होती. जठर, यकृत, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं तक्त्यावर दाखवलं. बापाच्या पोटात त्या वेळी जे काय चाललं होतं ते त्या तक्त्यावर नव्हतंच.

शुक्रवारी सकाळी अण्णा संडासला जायला उठले आणि दोन पावलं टाकून भिंतीला धरून खाली बसले. मी धावले. चेहरा राखेसारखा पडला होता. कपाळावर घाम, पण हात लावला तर गार. पोट तट्ट फुगलं होतं. मावशींना हाक मारली, त्यांच्या घरची जीप होती, ती लगेच काढली. गावातला दवाखाना उघडायला अजून अवकाश होता, म्हणून सरळ जालना गाठायचं ठरवलं. माय, मी आणि मावशी, तिघी मागे आणि मध्ये अण्णा. मी म्हणत होते, "अण्णा, मागे टेका, माझ्या मांडीवर डोकं ठेवा." ते म्हणत होते, "न्हाई, आडवं झालं की खांदा." साठेक किलोमीटर ते ताठ बसून आले. प्रत्येक खड्ड्याला त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, बोलण्यावरून परतूरकडची वाटली. अण्णांना खाटेवर बसवलं. तिने विचारायला सुरुवात केली आणि अण्णांनी तोंड उघडायच्या आधी मी बोलायला लागले. मास्तरणींना ही खोडच असते. "परवापासून खांदा दुखतोय. आखडलाय. सोमवारी गाडीवरून पडले होते, पण ते दाखवलंय, एक्स-रे झालाय, बारीक चीर आहे बरगडीला. गोळ्यांनी पित्त झालंय. आज चक्कर आली." सगळं कसं मी निदानासकट तयारच नेलं होतं.

डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली, "खांदा कुणाकडून ओढून घेतला का? चोळून, दाबून घेतला का? इकडे लोक आधी तेच करतात."

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले ते सांगते. मला लाज वाटली. पांढऱ्या कोटातली माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान मुलगी, तिच्यासमोर मी विज्ञानाची शिक्षिका, आणि सांगू काय, की पाय लावला? तिने वर मान करून बघितलं असतं ना, ते बघणं मला नको होतं. म्हणून मी नाही म्हणाले, तेही अगदी ठणकावून. तिने मान हलवली आणि खांद्याच्या एक्स-रेचा कागद पुढे ओढला.

"मॅडम," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "ही खोटं बोलून राह्यली. हिनं पाय लावला माझ्या खांद्याला. ही पायाळू हाये. मीच सांगितलं लावायला."

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण डॉक्टरीण हसली नाही की रागावली नाही. तिने पेन थांबवला.

"पाय नुसता टेकवला की दाबला?"

"दाबून लाव म्हणलो मी. बराबर दुखत होतं तिथंच दाबला."

"दाबल्यावर दुखलं?"

"बिलकुल न्हाई."

"मग कशाने दुखतं?"

"आडवं झालं की."

ती उठली. तिने दोन्ही हातांनी अण्णांचा खांदा सगळीकडून दाबून पाहिला. हात वर केला, मागे नेला, गोल फिरवला. खांदा लोण्यासारखा फिरत होता आणि अण्णा शांत. मग तिने त्यांना हळूच आडवं केलं. तेवढ्यात अण्णांनी डावा खांदा धरला आणि ओठ आवळले. तिने डाव्या बरगड्यांच्या खाली पोटावर बोटं टेकवली मात्र, अण्णांच्या तोंडून "माय गं" निघालं. गेल्या चार दिवसांत दुखण्याने त्यांनी काढलेला तो पहिला आवाज. तिने नाडी धरली, रक्तदाब पाहिला, आणि तिचं बोलणं एकदम जलद झालं. सलाईन, रक्ताचा गट, पोटाची सोनोग्राफी, सर्जनला बोलवा. खांद्याच्या एक्स-रेचा तो कागद तिथेच पडून राहिला.

सोनोग्राफीच्या पडद्यावर काळे डाग दिसत होते. मला काही कळेना. ती म्हणाली, "हे रक्त आहे. पोटात साचलंय. डाव्या बरगड्यांच्या आड पाणथरी असते ना, प्लीहा, हँडल बसलं तेव्हा ती चिरली असणार. आधी रक्त तिच्याच आवरणात थांबलं, आता पोटात उतरतंय. खांद्याला काहीही झालेलं नाही."

"मग खांदा का दुखतो?"

"छाती आणि पोटाच्या मध्ये श्वासाचा पडदा असतो. त्याच्याखाली रक्त साचलं की तो दुखतो. त्या पडद्याची नस मानेतून येते आणि खांद्याचीही तिथूनच. मेंदूची गफलत होते, त्याला वाटतं खांदाच दुखतोय. आडवं झालं की रक्त वर पडद्यापाशी सरकतं, म्हणून कळ वाढते." मग ती म्हणाली, "खांद्याचंच दुखणं असतं तर दाबल्यावर ते ओरडले असते. तुमच्या पायाने ते तपासून झालं होतं. फक्त मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

मी रडायलाच लागले. "माझ्या पायाने फुटली का ती?"

"छे. खांद्यावर पाय ठेवून पाणथरी फाटत नाही. उशीर झाला, तो झाला. वडिलांनी सांगितलं नसतं तर अजून झाला असता." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच पळाली. तिच्या वयाची माझी पोर असती तर मी तिची दृष्ट काढली असती, अण्णा काय म्हणायचे ते म्हणोत.

मी कागदावर सही केली. सर्जननी स्पष्ट सांगितलं, वय आहे, रक्त बरंच गेलंय, पाणथरी काढावी लागेल, आम्ही आमच्याकडून करतो. आत नेताना अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारणार होते, बरं वाटलं म्हणून का सांगितलंत? त्या एका शब्दावर मी गुरुवारचा अख्खा दिवस घालवला. पण तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही.

बाहेर बाकावर आम्ही तिघी बसलो. माय रडत नव्हती, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मावशीच रडत होत्या. "माझ्याच तोंडातून निघालं गं, पायाळू लेक म्हणून. माझी जीभ झडो." मला क्षणभर त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू? मग मायने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि माझा राग गेला. दोष वाटायला बसलो असतो तर माझ्याच वाट्याला सगळ्यात जास्त आला असता. दुपार कलली तेव्हा सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "काढली. रक्त थांबलंय." मायने तेव्हा पहिल्यांदा हुंदका दिला.

चौथ्या दिवशी अण्णांना साध्या वॉर्डात आणलं. खांदा दुखायचा केव्हाच थांबला होता. शुद्ध आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी खांदा हलवून बघितला म्हणे, आणि सिस्टरला सांगितलं, "मेंदू पण कसा फसतो बघा." मास्तर तो मास्तर. त्या दिवशी सिस्टर म्हणाली, बाबांचं अंग पुसून घ्या, ऑपरेशनच्या वेळी फक्त पोट स्वच्छ केलं होतं. मी कोमट पाणी आणलं, टॉवेल भिजवून पिळला आणि तोंडापासून सुरुवात केली. गळा पुसला, उजवा हात पुसला, त्यांना जरा कुशीवर करून पाठ पुसली. डाव्या खांद्याकडे आले तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"तेवढं राहू दे."

"का? दुखतंय?"

"न्हाई."

"मग? पाच-सहा दिवस झाले आंघोळीला अण्णा, वास येऊन राह्यलाय."

ते छताकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "त्या अंगणातली आंघोळ आठवती का तुला? तू पाय लावल्ता अन् त्यानं पाठीवर पाणी घेतलं."

"आठवते."

"तू हसत सांगत आल्ती घरी. मला त्याच्या दारात जाऊन एक शब्द बोलता आला न्हाई. भ्यालो मी. अन् घरी येऊन तुझा पाय बंद केला. केलं त्यानं, भोगलं तू."

"अण्णा, जाऊ द्या ना आता."

"बुधवारी तू पाय लावला तवा फरक काहीच पडला न्हाई. तुला वाईट वाटू नये म्हणून बरं वाटलं म्हणलो. त्यात एक दिवस गेला, ती माझी चूक." ते दमले, थोडं थांबले. "पण दुसऱ्या दिशी तुझी माय पाणी घेऊन आली तवा मी न्हाई म्हणलो. दुखत होतं म्हणून न्हाई. मुद्दाम न्हाई केली आंघोळ."

मला खूप राग आला. त्या खोट्या 'बरं वाटलं'पायी तुम्ही मेला असता म्हणून ओरडावंसं वाटलं. तेवढंच त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं, पण खाली पोटावर टाके होते. मी टॉवेल पुन्हा बुडवला, पिळला आणि त्यांचा डावा हात कोपरापर्यंत पुसला, मग पाय पुसले, एकेक बोट पुसलं.

सिस्टर परत आली आणि तिने विचारलं, "झालं का बाबांचं सगळं अंग पुसून?"

"झालं," मी म्हणाले. त्या दवाखान्यात मी दुसऱ्यांदा खोटं बोलले, आणि या वेळी अण्णांनी मला खोडून काढलं नाही.